नवा जन्म : चर आणि पाऊस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नगर शहरातून पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटर गेलं की हिवरे बाजार लागतं. मी शाळेत शिक्षक होतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आठवी-नववीच्या मुलांना घेऊन दोन-तीन वेळा या गावी जाण्याचा योग आला. डोंगरउतारावरचे सलग समतल चर दाखवायचे, बंधारे दाखवायचे, वहीत आकृत्या काढून घ्यायच्या आणि झाडाखाली डबे खाऊन परत यायचं, असा आमचा बेत असे.

या गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली. मागं राहिलेल्यांत दारू आणि भांडणं वाढली. सरकारी नोकराची हिवऱ्याला बदली झाली, तर ती शिक्षा समजली जायची. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं एकेक करून स्वतःवर बंधनं घालून घेतली. दारूचे २२ गुत्ते बंद झाले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री ठरली. पुढं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, हे नियम आले. गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. २०२० साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. या गावानं नवा जन्म घेतला, असं लोक म्हणतात, ते उगीच नाही.

अशाच एका सहलीत एका मुलानं मला विचारलं, "सर, मग इथं पाऊस वाढला का हो?" मी म्हटलं, "नाही रे. पाऊस होता तेवढाच आहे. आपल्याकडं तो मुळातच कमी. पूर्वी पडायचा तो या उतारावरून वाहून जायचा, माती घेऊन जायचा. आता तो अडतो आणि मुरतो." मुलानं ते वहीत लिहून घेतलं. माझ्या मनात मात्र त्याचा प्रश्न घर करून राहिला. का राहिला, ते शेवटी सांगतो.

आज मला 'नवा जन्म' या शब्दांबद्दलच बोलायचं आहे. ख्रिस्ती धर्मविचारात हे शब्द फार महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. ख्रिस्ती नसलेल्यांचे आहेत, तसेच आम्हा ख्रिस्ती माणसांचेही आहेत.

हा विषय मराठीला नवा नाही. पाप, तारण आणि ख्रिस्ताचं जीवन ओवीबद्ध मराठीत सांगणारं फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. आपल्या नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. म्हणजे चारशे वर्षं या गोष्टी आपल्या भाषेत बोलल्या जात आहेत. तरी 'नवा जन्म' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो 'पुनर्जन्म'. मरून पुन्हा दुसऱ्या देहात येणं. इथं ते अभिप्रेत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ही गोष्ट आहे. निकदेम नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. शास्त्र शिकलेले, समाजात मान असलेले. ते रात्रीच्या वेळी येशूकडं आले. दिवसा आले असते तर लोकांनी पाहिलं असतं. येशूनं त्यांना सांगितलं, की नव्यानं जन्मल्याशिवाय माणसाला देवाचं राज्य दिसायचं नाही. निकदेम गोंधळले. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार, असा सरळ प्रश्न त्यांनी केला. मूळ ग्रीक भाषेत तिथं जो शब्द आहे, त्याचे अर्थ दोन होतात. एक 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. निकदेमांनी पहिला अर्थ धरला. येशूला दुसराही सांगायचा होता. हा जन्म माणसानं स्वतःचा स्वतः घ्यायचा नसतो, तो वरून मिळतो. एकाच शब्दातले हे दोन अर्थ लक्षात ठेवले, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पण नव्या जन्माची गरजच काय? माणूस चांगला वागला, दानधर्म केला, कुणाचं वाईट केलं नाही, तर पुरे नाही का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पापाच्या कल्पनेत आहे.

आपल्याकडं पाप म्हटलं की हिशेबाची वही डोळ्यांपुढं येते. इकडं पाप, तिकडं पुण्य. पुण्याची बाजू जड झाली की सुटलो. ख्रिस्ती शास्त्रात पापकृत्यं मोजलेली आहेत. खोटं बोलणं आहे, चोरी आहे, व्यभिचार आहे. पण त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो, त्याचा मूळ अर्थ आहे नेम चुकणं. माणसाचं मन देवाकडं आणि शेजाऱ्याकडं वळलेलं असायचं, ते स्वतःकडंच वळून बसलं. मग त्या वळलेल्या मनातून जे जे निघतं, ते वाकडंच निघतं.

शेतकऱ्याला हे लवकर कळेल. रानात हरळी माजली तर वरचेवर खुरपून भागत नाही. वरून रान स्वच्छ दिसतं आणि दोन पाऊस झाले की पुन्हा हिरवं होतं, कारण मुळ्या आत शाबूत असतात. आपण 'मी आता रागावणार नाही', 'मी आता पिणार नाही' असं ठरवतो, ते खुरपणं असतं. ते वाईट नाही, करायलाच हवं. पण ते पुरत नाही, हा अनुभव कुणाला नाही?

आणखी एक गोष्ट. हे पाप फक्त दारुड्याच्या, चोराच्या घरी राहत नाही. ते चांगल्या माणसाच्या घरी अधिक सुखानं राहतं. उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना माहीत आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा शुद्धीवर येतो आणि घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आपण इथंच थांबतो. पण दाखला पुढं आहे. थोरला मुलगा शेतावरून येतो, घरातला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रागानं बाहेरच उभा राहतो. तो कधी घर सोडून गेला नव्हता. त्यानं बापाचा शब्द मोडला नव्हता. पण सगळ्या कष्टांचा हिशेब त्यानं मनात ठेवला होता. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेलंच नाही.

आता आपल्याच मातीतली दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं पंडिता रमाबाईंचं. जन्म १८५८ चा. वडिलांकडून आणि आईकडून संस्कृत शिकलेल्या, भावाबरोबर देशभर पायी फिरलेल्या, आईवडील दुष्काळात गमावलेल्या. पुढं पती गेले. त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली, ते इतिहासात नमूद आहे. लोकांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं पुरी झाली. बाई धर्मांतर करून मोकळ्या झाल्या. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ख्रिस्ती धर्म त्यांनी स्वीकारला होता, त्याची तत्त्वं बुद्धीला पटली होती, पण ख्रिस्त त्यांना सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं हे असं चाललं. या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना जवळ केलं, ते सदन पुण्याला नेलं. इतकं सत्कार्य हातून होत असतानाही मनात पोकळी होती.

त्या सुमारास विल्यम हॅसलॅम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. या हॅसलॅमची गंमत अशी, की ते चर्चमध्ये प्रवचन करत असताना स्वतःच्याच प्रवचनानं त्यांचं मन पालटलं. वर्षानुवर्षं इतरांना सांगत आलेली गोष्ट त्यांना त्या दिवशी स्वतःसाठी ऐकू आली. रमाबाईंना त्यातून उमगलं, की आपल्याला धर्माची गरज होती तशीच ख्रिस्ताचीही आहे, आणि तारण हे मेहनतान्यासारखं कमवायचं नसतं, ते दान म्हणून घ्यायचं असतं. त्यानंतरच्या रमाबाई आपल्याला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दिसतात. हे केडगाव नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. दुष्काळात उघड्या पडलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी तिथं आणलं, वाढवलं, कामाला लावलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या.

मला यातून एवढंच दाखवायचं आहे, की बाप्तिस्मा आणि नवा जन्म या गोष्टी रमाबाईंच्या आयुष्यात एका दिवशी आल्या नाहीत. काही ख्रिस्ती परंपरा बाप्तिस्म्यालाच नव्या जन्माचा संस्कार मानतात, हेही सांगायला हवं. पण त्या परंपरांमध्येही संस्कार झाला म्हणजे काम संपलं, असं कुणी म्हणत नाही.

दुसरं उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. नगरकरांना हे घरचंच आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते भारावले. दोन वर्षं मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. म्हणजे मागचं सगळं फेकून नवं घेतलं, असं त्यांना वाटत नव्हतं.

पण लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. या पुस्तकाइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणं कठीण. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्या बाईंवर काय गुदरलं, नातेवाइकांच्या आधारानं काढलेली वर्षं कशी गेली, ते त्यांनी लिहिलं आहे. आणि हेही लिहिलं आहे, की टिळक मोठे कवी होते, उदार होते, देवभक्त होते, पण रागीटही होते. तो राग बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. घरातल्या माणसांनी तो पुढंही सोसला. कुणा भक्तानं टिळकांचं चरित्र लिहिलं असतं तर हे झाकलं असतं. बायकोनं झाकलं नाही आणि तरी तिचं त्यांच्यावरचं प्रेम पानापानांवर दिसतं.

स्वतः लक्ष्मीबाईंची झुंज निराळी होती. सोवळंओवळं त्यांच्या हाडीमाशी रुजलेलं होतं. नवऱ्याकडं परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवलं. नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून आपलं मन बदलत नाही, हे त्यांना स्पष्ट कळत होतं. पुढं हळूहळू, विचार करकरून, जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानंच केला आहे, या निर्णयाला त्या आल्या. ज्या दिवशी हे पटलं, त्या दिवशी त्यांनी शिवाशीव टाकली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत मन आधी वळलं आणि संस्कार नंतर झाला. रमाबाईंच्या नेमकं उलट! नव्या जन्माचं वेळापत्रक असं प्रत्येकाचं वेगळं असतं.

आता आध्यात्मिक संघर्षाविषयी. हा शब्द ऐकला की काहींना भूतपिशाच्च, अंगात येणं, झाडणं-उतरवणं आठवतं. इथं मला स्पष्ट बोलू द्या. नव्या करारात दुष्ट शक्तींचा उल्लेख आहे आणि श्रद्धावंत ख्रिस्ती माणूस तो मानतो. पण घरातलं माणूस सारखं घाबरत असेल, झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर त्याला डॉक्टरांकडं न्यायला हवं. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, मग ते कुणीही आणि कोणत्याही देवाचं नाव घेऊन केलेलं असो. प्रार्थना जरूर करावी. औषध थांबवून करू नये.

संत पौलानं ज्या लढाईबद्दल लिहिलं आहे, ती मुख्यतः आतली आहे. रोमकरांस पाठवलेल्या पत्रात तो आपली अडचण उघड करतो. चांगलं करावंसं वाटतं आणि ते हातून होत नाही; जे करायचं नाही तेच होऊन बसतं. लिहिणारा माणूस नवशिका नव्हता, मंडळ्यांचा गुरू होता. दुसऱ्या एका पत्रात तो शिपायाच्या वेशाचं रूपक वापरतो. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं चिलखत, विश्वासाची ढाल. यातली बहुतेक साधनं बचावाची आहेत, हे ध्यानात घ्या. माणसांशी लढण्यासाठी ती दिलेलीच नाहीत. आपली झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नाही, हे तिथंच बजावलं आहे. जो ख्रिस्ती माणूस दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला शत्रू समजतो, त्यानं हे पत्र नीट वाचलेलं नाही.

ही लढाई कशी असते, ते माझ्याच घरातलं उदाहरण देऊन सांगतो. सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांची उदाहरणं देऊन स्वतःचं झाकायचं, हेही बरं नाही.

आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आला. मी जन्मापासून ख्रिस्ती. पाळण्यातच बाप्तिस्मा झाला, पुढं दृढीकरण झालं, मंडळीचा खजिनदार झालो, रविवारची शाळा चालवली. आणि अकरा वर्षं सख्ख्या थोरल्या भावाशी बोललो नाही. कारण विहिरीचं. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात पाळीवरून बोलाचाली झाली, शब्दानं शब्द वाढला, आईच्या देखत नको ते बोललं गेलं. मग मोजणी आणली, वकील गाठला. एकाच देवळात दोन बाजूंच्या बाकांवर आम्ही बसायचो. प्रभुभोजनाच्या रविवारी एकाच भाकरीचा तुकडा दोघंही घ्यायचो आणि दोन दारांनी बाहेर पडायचो.

विशेष म्हणजे मला यात पाप दिसत नव्हतं. माझी बाजू खरी होती. कागद माझ्या बाजूनं होता. सैतानाला चित्रांत शिंगं दाखवतात. माझ्याकडं तो आला तेव्हा त्याच्या हातात सात-बाराचा उतारा होता. रोज रात्री तो मला तो वाचून दाखवायचा. "बघ, तुझंच बरोबर आहे."

एका शनिवारी दुसऱ्या दिवशीचा पाठ तयार करत होतो. पाठ उधळ्या पुत्राचाच होता. मुलांना विचारायचे प्रश्न लिहिता लिहिता थोरल्या मुलापाशी आलो. रानातून आलेला, घरात गाणं चाललेलं, आणि हा आपल्या हिशेबाची वही घेऊन अंगणात उभा. नात्यानं मी धाकटा. पण त्या गोष्टीतला थोरला मीच आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. चाळीस वर्षं तो दाखला मी ऐकत आणि शिकवत आलो होतो. हॅसलॅमचं झालं तसंच थोडंसं माझं झालं असं म्हणा.

त्या रात्री मी 'देवा, माझ्या भावाला सुबुद्धी दे' ही नेहमीची प्रार्थना केली नाही. 'मला क्षमा करता येत नाही, मला ती करायचीही नाही, तूच काय ते कर,' एवढंच म्हणालो. वीज चमकली नाही, आवाज आला नाही. झोप मात्र लागली.

त्यानंतरही भावाच्या दारात जायला मला दोन महिने लागले. गेलो तेव्हा काय बोलायचं ते पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "अण्णा, विहिरीला पाणी आहे का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत बघून वहिनींना म्हणाला, "चहा टाक गं, दोन कप."

विहिरीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पुढं वर्षभर लागलं. आणि आज अण्णा हयात नसतानाही कधी कधी जुना राग उसळून येतो, तो उतारा पुन्हा डोळ्यांपुढं येतो. म्हणून म्हणतो, नवा जन्म झाला की लढाई संपते, हा गैरसमज आहे. खरी लढाई तेव्हा सुरू होते. आधी आपण लढतच नव्हतो. शत्रूलाच घरचा माणूस समजून जेवू घालत होतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडं येतो. "सर, पाऊस वाढला का?"

हिवरे बाजारनं जे केलं, ते माणसांच्या कष्टानं आणि शिस्तीनं केलं. त्या गावाचा मोठेपणा त्यांचा आहे. तो मी ओढून-ताणून माझ्या धर्माच्या खात्यावर मांडणार नाही. पण तिथल्या उतारावर उभं राहून मला एक गोष्ट नीट कळली. ख्रिस्ती माणसं 'कृपा' म्हणतात ती पावसासारखी आहे. ती आपण पाडू शकत नाही. कितीही चर खणले म्हणून ढग बांधील नसतो. आणि ती आधीही पडतच होती. त्याच डोंगरावर, तेवढीच. फक्त तिला थांबायला जागा नव्हती. पश्चात्ताप म्हणजे तो चर आहे. आपल्या उतारावर आडवं खणणं. 'माझंच बरोबर' म्हणत जो वेगानं खाली धावतो, त्याला अडवणं. चर खणून आपण पाऊस विकत घेत नाही, पण चर नसेल तर पाऊस येऊन निघून जातो.

निकदेमांना येशूनं सांगितलेल्या त्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत. जन्म वरून यायचा आहे, आणि म्हणूनच तो नव्यानं होऊ शकतो. माणसाच्या स्वतःच्या बळावरच सगळं असतं तर ज्यांचं बळ संपलं, त्यांना आशा उरली नसती. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला विचारा. "मला जमत नाही" हे वाक्य ज्या दिवशी तो खरेपणानं उच्चारतो, त्या दिवशी त्याच्या सुटकेला सुरुवात होते. चांगल्या माणसाला हे वाक्य उच्चारणं जास्त कठीण जातं, कारण त्याचं सगळं जमलेलं असतं.

आणखी एक. हिवरे बाजारमध्ये चर एकदा खणले आणि विसरले, असं झालं नाही. चरात गाळ भरतो. तो काढावा लागतो. नियम केले ते ग्रामसभेत पुन्हा पुन्हा मांडावे लागतात, यंदा पाणी किती, पिकं कोणती, हे दरवर्षी ठरवावं लागतं. मनाचंही तसंच. एका भावनेच्या भरात, मोठ्या सभेत, टाळ्यांच्या आणि गाण्यांच्या गजरात डोळ्यांत पाणी येणं सोपं आहे. ते खोटंच असतं असंही नाही. पण तो नवा जन्म होता की नाही, हे दुसऱ्या दिवशी घरी कळतं. बायकोशी बोलताना, भावाची वाटणी करताना, आपल्यापेक्षा खालच्या समजल्या गेलेल्या माणसाच्या हातचं पाणी पिताना कळतं.

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण ख्रिस्ती नसतील. तुम्ही तुमचा धर्म सोडावा, असं सांगायला मी इथं आलेलो नाही. माझ्या पणजोबांनी धर्म बदलला होता आणि तरी त्यांच्या पणतवाचं मन अकरा वर्षं जागच्या जागी होतं, हे आताच सांगितलं. मला सांगायचं आहे ते एवढंच. ज्या माणसाशी तुम्ही बोलत नाही, त्याच्याविषयी तुमचा कागद खरा असेलही. आज रात्री तो कागद जरा बाजूला ठेवून बघा. जमणार नाही असं वाटलं, तर तसंच, त्याच शब्दांत, तुमच्या देवाला सांगा.

पावसाचं काम पाऊस करील.